"काही होत नाही हो, साधी तापाची गोळी आहे"

मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर उभं राहिलं की हे वाक्य सारखं कानावर पडतं. मला त्याची भीती वाटते. पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात घेतलं तर चांगलं, सुरक्षित औषध आहे. प्रमाणाबाहेर गेलं तर ते यकृत निकामी करू शकतं, आणि पहिला दिवसभर त्याचा पत्ताही लागत नाही.

मुद्दाम जास्त गोळ्या घेणारे असतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. पण कितीतरी जणांच्या पोटात त्या नकळत जातात. पावसाळ्यात ताप येतो, अंग मोडून येतं. मग तापाला डोलो ६५०, सर्दीला सिनारेस्ट, सांधे धरले म्हणून कॉम्बिफ्लाम. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे : ६५०, ५०० आणि ३२५ मिलिग्रॅम. घेणाऱ्याला वाटतं, तीन दुखण्यांची तीन औषधं. शिवाय दवाखान्यातून पुडीत बांधून दिलेल्या, नाव नसलेल्या गोळ्या असतातच. मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. ६५०च्या सहा गोळ्यांत ती जवळपास गाठली जाते. रोज दारू पिणाऱ्याची, यकृताचा आजार असलेल्याची, अगदी किडकिडीत माणसाची मर्यादा त्याहून कमी, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

मुलांचं प्रमाण वजनावर ठरतं. एकाच नावाचं सिरप ५ मिलिलिटरला १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं, तान्ह्या बाळाचे ड्रॉप्स त्याहून तीव्र. ड्रॉप्स चमच्याने मोजून पाजू नका, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

जास्त गोळ्या गेल्यावर पहिल्या दिवशी मळमळ, एखादी उलटी, घाम, गळून गेल्यासारखं वाटणं. नाहीतर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी माणसाला चक्क बरं वाटू शकतं, आणि त्याच सुमारास उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, माणूस असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. कळकळीने सांगतो, आदल्या काही दिवसांत दुखण्याच्या किंवा तापाच्या गोळ्या भरपूर झाल्या असतील तर तिकडे एक तासही घालवू नका.

कारण यावर उतारा आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झालं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. उशीर झाला तरी देतात, उपयोगही होतो, पण खात्री कमी होत जाते. म्हणून त्रास सुरू होण्याची वाट बघायची नाही. माणूस ठणठणीत दिसत असतानाच न्यायचं. रक्तात औषध किती आहे हे साधारण चार तासांनंतरच्या तपासणीत नीट कळतं, पण ते चार तास दवाखान्यात काढा, घरी नव्हे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या जास्त झाल्या तर लक्षणं वेगळी : पोटात आग, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, लघवी कमी. ॲस्पिरिनमध्ये कानात आवाज येतो आणि श्वास भराभर चालतो. नेमकं काय घेतलं याचा शोध घरी लावत बसू नका. १०८ला फोन करा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास सल्ला देतं. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढू नका. त्याने जीवावर बेतू शकतं. गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, तोंडाने काही देऊ नका. रिकाम्या पट्ट्या, पुडीचा कागद, बाटली, सगळं सोबत न्या आणि पहिली गोळी किती वाजता घेतली ते सांगा.

आता मुद्दाम घेतलेल्यांबद्दल. घरच्यांना पोलीस केसची, चारचौघांत नाव जाण्याची धास्ती असते. मग "उलटी झाली, आता बरी आहे" म्हणत पोरीला घरातच झोपवून ठेवतात. ते आठ तास असेच जातात. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं की आधी उपचार, कागदपत्रं नंतर. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलंय, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरवलीय. डॉक्टरांपासून काही लपवू नका. आणि त्या पोरीला रागावू नका, "का केलंस" असं खोदून विचारू नका. जवळ बसा, तिला एकटं सोडू नका. पुढे बोलायला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. तुम्हालाच असं काही मनात येत असेल तर आजच लावा.

माझ्या मेडिकलवाल्या भावाबहिणींना एक विनंती. गिऱ्हाईक दोन गोळ्या मागतं, आपण कात्रीने पट्टी कापून देतो. नाव आणि घटक छापलेला तुकडा बऱ्याचदा आपल्याकडेच राहतो. गिऱ्हाइकाच्या हातात नुसता चकचकीत कागद जातो. पाकिटावर पेनाने ‘पॅरासिटामॉल ६५०’ लिहायला काही सेकंद लागतात. ते लिहा, आणि देताना विचारा : "आज आणखी कुठली गोळी घेतलीय का?"