कापसाच्या गावात थर्माकोलचा बर्फ

मागच्या डिसेंबरात मी दीडशे रुपये देऊन बर्फ विकत आणला. थर्माकोलचे बारीक गोळे, प्लास्टिकच्या पिशवीत भरलेले. तालुक्याच्या स्टेशनरीतून. आणि त्याच वेळी आमच्या मधल्या खोलीत आढ्याला टेकेल इतका कापूस भरून होता, भाव वाढायची वाट बघत. त्या ढिगाला पाठ लावून बसले आणि थर्माकोलचा स्नोमॅन केला. रात्रीचे पावणेबारा वाजले होते.

का केला? तर संध्याकाळी मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, उद्या ख्रिसमसचं क्राफ्ट पाठवा. पोरगा केजी टूला. त्याला कात्रीत बोटं कशी घालायची हेही नीट येत नव्हतं. तो साडेआठला झोपला. मी गोळे चिकटवले, लाल चमकीचा मफलर केला, गाजराचं नाक केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातावर स्टार काढून मिळाला. घरी आला, हात पुढे केला आणि अगदी सरळ म्हणाला, "आई, तुले स्टार भेटला."

ते वाक्य वर्षभर डोक्यात राहिलं.

म्हणून यंदा दिवाळी उरकली तशीच ठरवलं, जे काही होईल ते पोरं करतील, घरातल्या आणि वावरातल्या वस्तूंनी करतील, आणि जसं होईल तसंच शाळेत जाईल. मुलगा सहाचा, मुलगी साडेतीनची. शेजारची दोन पोरं आपोआप येऊन बसतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

पहिली मेंढी केली. कापसाची. बर्फाचं खूळ मी डोक्यातून काढूनच टाकलं. येशूच्या जन्माच्या गोष्टीत बर्फ कुठे आहे? मेंढ्या आहेत, मेंढपाळ आहेत, गोठा आहे, तारा आहे. सांताक्लॉजची गोष्ट ज्या संत निकोलसवरून आली तो चौथ्या शतकातला बिशप, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा, समुद्राकाठचा. बर्फ नंतर युरोप-अमेरिकेच्या भेटकार्डांवरून आला आणि आपण यवतमाळ जिल्ह्यात तो पिशवीतून विकत घेतोय. वर २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर, सजावटीच्या सामानावर बंदी आहे म्हणतात. ती कागदावर असेल. आमच्या तालुक्याच्या दुकानात थर्माकोल दर्शनी फळीवर असतो.

तर मेंढी. कापूस घ्यायला गेले तशा सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "काऊन वो, चांगल्या कापसाले कायले हात लावतं?" त्यांचं खरं होतं. मग कवडीचा कापूस काढला, बोंडअळीनं खाल्लेला, पिवळट, व्यापारी ज्याच्याकडे बघून नाक मुरडतो तो. मेंढीला तोच शोभतो खरं तर. कुठली मेंढी पांढरीशुभ्र असते? सासरे मात्र हिशेबी माणूस. त्यांनी मान वर न करता सांगितलं, २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, म्हणजे किलोला एक्क्याऐंशी, तुमच्या मूठभर मेंढीचे अडीच रुपये. घ्या म्हणे, माफ केले.

खरा खेळ मेंढी चिकटवण्यात नव्हता. तो सरकी काढण्यात होता. बोंडातली एकेक पाकळी घ्यायची, बोटांच्या चिमटीनं चाचपायचं, सरकी कुठे बसलीय ते शोधायचं आणि कापूस न तुटू देता ती ओढून काढायची. तंतू सरकीला असे धरून बसलेले असतात की मोठ्या माणसालाही जोर लावावा लागतो. साडेतीन वर्षांची पोरगी यात बारा-पंधरा मिनिटं गुंतून गेली. एरवी ती दोन मिनिटं एका जागी बसत नाही. जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर, कपाळाला आठी, आणि सरकी निघाली की "निंगाली!" करून ओरडायची. बोटांची ताकद वाढावी म्हणून शहरात मणी ओवायचे महागडे संच मिळतात. आमच्या आज्या वातींसाठी हेच करत होत्या, त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

काढलेली सरकी मेंढीचे डोळे झाली. एका मेंढीला तीन डोळे आहेत. मी विचारलं तर मुलगी म्हणाली, एक झोपायचा आहे. मी काही दुरुस्त केलं नाही.

(लहान लेकरू असेल तर सरकी, तूर, हरभरा मोजून द्या आणि मोजून परत घ्या. नाकात जातात. आणि गुंजा लाल म्हणून कितीही सुंदर दिसोत, एरंडीच्या बियांवर नक्षी कितीही छान असो, दोन्ही विषारी. पोरांच्या हातात देऊच नका.)

चिकटवायला खळ केली. दोन चमचे मैदा, कपभर पाणी, गुठळी मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. पोरांनी चाटली तरी काही होत नाही. आमच्या पोरांनी चाटली. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, वह्या-पुस्तकं बांधणारे घालतात, किडे-उंदीर लागू नयेत म्हणून. ते विष आहे, पोरांच्या कामात अजिबात नको. अर्थात मोरचूद नाही म्हटल्यावर पहिली मेंढी रात्रीतून उंदरानं नेली. पाय तेवढे ठेवले, काड्यापेटीच्या काड्यांचे होते म्हणून. सकाळी रडारड. मग दुसरी केली आणि डब्यात ठेवली.

झाड तुराट्यांचं. यंदाची तूर अजून वावरात उभी आहे, पण मागच्या वर्षीच्या तुराट्या सरपणात पडल्याच असतात. एक लांब काडी उभी, तिच्यावर आडव्या पाच, खालची सगळ्यात लांब, वर जाताना आखूड. मोजायला पट्टी नाही, वीत. खाली दोन विती, मग दीड, मग एक. पोराची वीत, माझी नाही, यावर त्याचा फार कटाक्ष होता. काड्या मोडायचं काम त्याचं, सुतळीची गाठ माझी, कारण गाठ त्याला अजून येत नाही आणि येत नसलेलं काम मी त्याच्याकडून ओढून करून घेणार नाही. झाड एका अंगाला कललं आहे. मला सारखं ते सरळ करावंसं वाटतं. हात मागे बांधून फिरते घरातून.

आता तारे. हे मला स्वतःला सगळ्यात आवडलं. सरपणात जुन्या पऱ्हाट्याही (कापसाची वाळलेली झाडं) असतात आणि त्यांना कापूस वेचून झाल्यावर राहिलेली बोंडाची रिकामी टरफलं तशीच चिकटून असतात. एक तोडून तळहातावर उपडं ठेवा. चार नाहीतर पाच टोकं बाहेर उमललेली, मध्ये देठ. तयार तारा. जन्मभर पऱ्हाटी बघितली, चुलीत घातली, बोटांना ती टोकं टोचून रक्त काढलं, आणि हा तारा आहे हे मला माझ्या पोरानं सांगितलं. चार टोकांचे एका डब्यात, पाच टोकांचे दुसऱ्या डब्यात, हा खेळ त्यानं स्वतःच काढला. चुना पाण्यात कालवून मी रंगवले (चुना पोरांच्या हाती नको, डोळ्यात गेला तर वाईट), काही गेरूनं पोरांनी रंगवले. टोकं आधी दगडावर घासून बोथट केली. यंदाच्या उभ्या पऱ्हाटीची बोंडं मुद्दाम घेतली नाहीत, फवारण्या झालेल्या असतात. जुनी घेतली तीही धुवून, वाळवून. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यामुळे या बाबतीत मी जरा जास्तच भित्री आहे. औषधाचे रिकामे डबे, पुठ्ठ्याचे खोके, कितीही मजबूत असले तरी पोरांच्या खेळात येत नाहीत. आमच्याकडे ते घरातच येत नाहीत.

संत्र्याबद्दल थोडक्यात. आंबिया बहाराची संत्री बाजारात आहेत, आपल्या संत्र्याची साल सैल, एका ओढीत फुलासारखी निघते. तिच्यावर बांगडीनं गोल उमटवा, चाकू मोठ्यांनी चालवा, आणि तुकडे दोन दिवस जाड वहीखाली दाबून ठेवा, नाहीतर वाळताना वाटीसारखे वळतात. सुई-दोऱ्यात ओवलं की झाली माळ. घरभर वास. साल मोडताना उडणारा रस डोळ्यात गेला की पोरं किंचाळतात, तेवढं सांभाळा. युरोपात नाताळला पोरांच्या मोज्यात संत्रं ठेवायची रीत होती, तिकडे ते अप्रूप होतं म्हणून. आमच्या पोरांना त्या मोज्याची गोष्ट सांगितली तर मुलगी म्हणाली, मोज्यात कायले, वास येते.

आणि गव्हाण. हे खरं आमच्या गावातल्या नर्सबाईंचं देणं. त्या ख्रिस्ती. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या आणि इथंच राहिल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, माझा नवरा धरून. त्यांच्या घरी दरवर्षी गव्हाणीचा देखावा असतो. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा म्हणाल्या, "शहरातल्या लेकरायले गव्हाण म्हंजे काय हे सांगाव लागते. तुमच्या पोट्ट्यायले काय सांगाचं? रोज कोठ्यात जातेत ना थे."

खरंच. आमच्या पोरांना गुरांचा कोठा माहीत, गव्हाण माहीत, कुटाराचा, म्हणजे भुशाचा, वास माहीत. घरात जागा नाही म्हणून बाळंतिणीनं बाळ गव्हाणीत ठेवलं, हे त्यांना एका वाक्यात कळलं. मुलानं फक्त विचारलं, मग बैलांनी कुटार कुठं खाल्लं?

कोठा ज्वारीच्या धांड्यांचा केला, भुलाबाईला करतो तसाच, चार कोपऱ्यांना धांडे आणि वर आडवे. धांडे मिळायलाच दोन घरं फिरावं लागलं. सगळीकडे सोयाबीन आणि कापूस, ज्वारी पेरतं कोण आता? खाली कुटार पसरलं. बैल कुठले ठेवायचे, तर तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल आहेच! एरवी पोळा झाला की तो वर्षभर माळ्यावर धूळ खातो. यंदा डिसेंबरात पुन्हा खाली उतरला. त्याच्या शिंगाला अजून पोळ्याचा बेगड होता, तसाच राहू दिला. बाळ चिकणमातीचं, आंगठ्याएवढं, पोरीनं केलं. नाक-डोळे काही नाहीत, पण त्याला तिनं स्वतःच्या जुन्या झबल्याचा तुकडा पांघरला. सासूबाईंनी सवयीनं शेजारी निरांजन लावायला घेतलं, तेवढं मी थांबवलं. कापूस, कुटार, धांडे, सगळं ठिणगीची वाट बघणारं. दिवा ओट्यावर ठेवला, लांब.

आता एक विषय, कारण नात्यातल्या एकानं फोटो बघून मेसेज केलाच, "हा आपला सण आहे का?" नर्सबाई दिवाळीला आमच्या ओट्यावर बसून चिवडा खातात, नाताळला त्यांच्याकडून आमच्याकडे करंज्या आणि शेव येते. "नाताळ" हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि मराठीत असा मुरला की कुणाला परका वाटत नाही. ज्या बाईनं तुमची नाळ कापली तिच्या घरच्या बाळाची गव्हाण आमच्या पोरांनी केली. यावर मला अजून काही बोलायचं नाही, आणि खाली या विषयावर भांडण नको.

मला भांडायचंच असेल तर शाळांशी भांडायचंय. आपला महाराष्ट्र हा खेड्यात बालशिक्षण नेणाऱ्या ताराबाई मोडकांचा. लग्नानंतर त्या काही वर्षं अमरावतीत राहिल्या, म्हणजे आपल्याकडच्याच म्हणायच्या. १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला त्यांनी बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, पुढे ते कोसबाडला गेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं वापरून शिकवलं. आणि आज त्याच राज्यात केजीच्या पोराला रात्रीतून क्राफ्ट आणायला सांगतात, दुकानदार त्या आठवड्यात तयार स्नोमॅनच विकायला ठेवतो, आया जागतात, आणि सगळ्यात गुळगुळीत वस्तूला स्टार मिळतो. शाळेतल्या बाईंना कळत नाही असं नाही. पाच वर्षांच्या पोराचं काम कसं दिसतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही स्टार आयांनाच. मला वाटतं वर्गातच दोन मुठी कापूस आणि वाटीभर खळ ठेवावी, तासभर पोरांना बसवावं. खर्च सासऱ्यांच्या हिशेबानं पन्नास रुपयांच्या आत.

काल कललेलं झाड आणि तीन डोळ्यांची मेंढी शाळेत गेली. मोटारसायकलवर, मुलाच्या मांडीवर पिशवीत. एक तारा वाटेत पडला. संध्याकाळी विचारलं, बाईंनी काय म्हटलं? तर म्हणाला, "बाईनं इचारलं हे कोणं केलं. म्या म्हटलं, म्या केलं. मंग थे हासल्या." स्टार मिळाला का ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. त्याला रस्त्यात पडलेला तारा चार टोकांचा होता की पाच, याचीच काळजी होती.

तुमच्या पोरांनी केलेलं काही असेल तर खाली फोटो टाका. वाकडं असेल तरच.