‘कोच म्हणजे सुशिक्षितांचा बुवा’: त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या काही दिवसांत एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरून शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आणि तिथून आयटीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. मथळा ‘कोच म्हणजे सुशिक्षितांचा बुवा’. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली ‘जनहितार्थ’ तेवढं आहे. म्हणणं थोडक्यात असं: करिअर कोच, लीडरशिप कोच, म्हणजे नोकरीत पुढे जायला आणि माणसं सांभाळायला पैसे घेऊन मदत करणारी मंडळी, सांगत काहीच नाहीत, नुसते प्रश्न विचारतात. त्यांनी तुमच्या क्षेत्रात काम केलेलं नसतं. कंपनीने कोच दिला की समजा नारळ मिळणार. बोललेलं सगळं एचआरच्या कानावर जातं. हेच ज्ञान यूट्यूबवर फुकट आहे. धंद्याला डिग्री लागत नाही. आणि शेवटी, ‘तीन महिन्यांत पगार वाढवून देण्याची लेखी हमी देईल त्यालाच पैसे द्या.’

मी कोच नाही. पुण्याजवळच्या चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत एचआरचं काम केलं. कंपनीच्या पैशाने मॅनेजर लोकांसाठी कोच नेमणं त्यात आलं, आणि काहींना नमस्कार करून परत पाठवणंही आलं. त्यामुळे मेसेज वाचताना कुठे हसलो, कुठे मान डोलावली. शेवटच्या ओळीला मात्र कपाळावर हात मारला.

‘नुसते प्रश्न विचारायचे पैसे कसले?’

एक प्रसंग सांगतो. ज्याचा आहे त्यानेच नंतर हसत हसत सांगितला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. क्वालिटीमधला हुशार माणूस, सुपरवायझर लोकांवर नव्यानेच मॅनेजर झालेला. थ्री-सिक्स्टी फीडबॅकमध्ये, म्हणजे वरच्या, बरोबरीच्या आणि हाताखालच्या सगळ्यांकडून घेतलेल्या अभिप्रायात, हाताखालच्या बहुतेकांनी एकच लिहिलं, साहेब ऐकून घेत नाहीत. साहेबांचं म्हणणं, लोक तोंडच उघडत नाहीत तर ऐकू काय?

कोचने विचारलं, “कालच्या सकाळच्या मीटिंगमध्ये पहिलं कोण बोललं?”
“मीच. रोज मीच बोलतो. रिजेक्शनचे, म्हणजे नापास मालाचे, आकडे माझ्याकडे असतात.”
“तुमचं झाल्यावर पुढे कोण बोललं?”
याला आठवेना. बराच वेळ गप्प बसला आणि मग वैतागून म्हणाला, “बहुतेक कोणीच नाही. मीटिंग संपली.”

गृहपाठ मिळाला तो एवढाच: आठवडाभर मीटिंगमध्ये शेवटी बोलायचं, आणि कोण कोणत्या क्रमाने बोललं ते वहीत लिहायचं. पहिले दोन दिवस मीटिंगमध्ये नुसती शांतता आणि चहा. मग एका लाइन सुपरवायझरने सांगितलं की बोअर, म्हणजे भोकाचं माप, तपासायचा प्लग गेज झिजलाय, सेकंड शिफ्टला कधीपासून ठाऊक आहे. साहेब तोवर ऑपरेटरवर खापर फोडत होते. सुपरवायझरने आधी का नाही सांगितलं? तर त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि साहेब आकडे वाचून निघून जायचे.

आता कोचला त्या गेजबद्दल काडीची माहिती नव्हती, तेव्हा तो ते उत्तर देऊच शकला नसता. ‘लोकांचं ऐकत चला’ हा उपदेश त्याला देता आला असता, पण तो या माणसाला बॉसने, बायकोने आणि अप्रेजलच्या फॉर्मने आधीच देऊन झाला होता. उपयोग कशाचा झाला, तर स्वतःच्या मीटिंगकडे दुसऱ्याच्या नजरेने बघायला लावलं याचा. त्याने रिजेक्शन रातोरात खाली आलं वगैरे काही नाही. गेज बदलला, आणि माणूस शेवटी बोलायला शिकला. तेही दोनतीनदा जुन्या सवयीवर घसरून.

शिवाय कोच ‘नुसतेच’ प्रश्न विचारतो हेही पूर्ण खरं नाही. चांगला कोच जे दिसतं ते तोंडावर सांगतो. अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गावंडे, ज्यांचं घराणं मूळचं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचं, त्यांनी २०११ मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला होता. शस्त्रक्रियांमध्ये आपली प्रगती थांबली आहे असं वाटल्यावर त्यांनी रॉबर्ट ऑस्टीन या निवृत्त सर्जनना ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून बघायला सांगितलं. ऑस्टीन यांनी टिपलं काय? दिवा जखमेवरून सरकला होता आणि गावंडे यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. कोपर वर उचललं जात होतं, म्हणजे हातावरचा ताबा कमी. कापड असं लावलं होतं की त्यांना सोयीचं, समोरच्या सहायकाला अडचणीचं. हे सांगायला फार मोठा शोध लागत नाही, पण ज्याचे हात कामात आहेत त्याला ते दिसत नाही.

‘तुमच्या क्षेत्रातला नाही तो काय शिकवणार?’

इथे मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळी कामं एकात कालवली आहेत. ऑस्टीन सर्जन होते म्हणून कोपर बघू शकले, हे कबूल. हातातल्या कसबाचं काम असेल तर त्या कसबातलाच माणूस लागतो. तुम्हाला टेस्टिंगमधून डेटा इंजिनिअरिंगमध्ये जायचं असेल, खराडीत आणि हिंजवडीत सध्या कशाला मागणी आहे, नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडचे पैसे नवी कंपनी भरते का, हे हवं असेल, तर त्या बाजारातला माणूस गाठा. मग त्याला कोच म्हणा नाहीतर मेंटर, नाहीतर नुसता ओळखीचा सीनियर. करिअर कोच म्हणवणाऱ्याला भरतीची माहितीच नसेल तर रेझ्युमेची मांडणी सुधारून मिळेल, त्यापुढे फारसं नाही.

लोकांशी वागण्याचं, निर्णय घेण्याचं, बढतीनंतर जुन्या मित्रांचा बॉस होण्याचं काम वेगळं. गूगलच्या एरिक श्मिट यांना बिल कॅम्बेल यांचं नाव सुचवलं गेलं तेव्हा श्मिट यांना ते आधी रुचलं नव्हतं. अनुभवी सीईओला कोच कशाला, असाच त्यांचा सूर होता. कॅम्बेल इंजिनिअर नव्हते, कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. पुढे त्यांनी इंट्युट कंपनी चालवली होती, म्हणजे मोठा कारभार सांभाळणं त्यांना परकं नव्हतं. ‘कोणताही विषय, कोणताही कोच’ असं म्हणणाऱ्यांनी कॅम्बेल यांचं नाव घेताना हा भाग गाळू नये. माझं मत विचाराल तर क्षेत्रातला माणूस नसणं कधी कधी बरंच पडतं. बाहेरचा माणूस ‘हे असं का करता?’ विचारतो आणि समजावून सांगता सांगता आपल्यालाच कळतं की याला काही कारण नाही. क्षेत्रातला असेल तर तो स्वतःचे किस्से सांगत बसतो. निवृत्त व्हाइस प्रेसिडेंट मंडळींत हा दोष फार.

‘कंपनीने कोच दिला म्हणजे नारळ’

कधी कधी खरं आहे. ‘आम्ही सगळे प्रयत्न केले’ असं कागदावर दिसावं म्हणून कोच नेमणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत, आणि कोचलाही ते शेवटी कळतं. पण कोचचा खर्च थोडा नसतो, आणि ज्याला काढायचंच ठरलंय त्याच्यावर तो करायला फायनान्सवाले सहसा तयार नसतात. त्यासाठी पीआयपी आहे, म्हणजे ‘इतक्या दिवसांत सुधारा नाहीतर जा’ असा लेखी कार्यक्रम, तो स्वस्त पडतो. कोच बहुतेकदा मिळतो तो ज्याला वर न्यायचंय पण ज्याची एखादी सवय आड येतेय त्याला.

ओळखायचं कसं? सुरुवातीला एक तिघांची बैठक होते: तुम्ही, तुमचा बॉस आणि कोच. तिथे बॉसला सरळ विचारा, “सहा महिन्यांनी काय दिसलं की तुम्ही म्हणाल जमलं?” बॉसने ठोस काही सांगितलं तर निश्चिंत राहा. ‘ओव्हरऑल अॅटिट्यूड’ असं पुटपुटला तर लिंक्डइन अपडेट करून ठेवायला हरकत नाही.

‘बोललेलं सगळं एचआरला कळतं’

मी त्या टेबलापलीकडे बसलेला आहे, म्हणून सांगतो काय कळतं. सेशन झालं की नाही. सुरुवातीला तिघांनी मिळून ठरवलेली उद्दिष्टं. मध्यावर आणि शेवटी एक आढावा, तोही तुमच्यासमोर. बस्स. बॉसबद्दल काय बोललात, दुसरीकडे मुलाखत दिलीत का, घरी काय चाललंय, हे कोचने सांगायचं नसतं आणि एचआरने विचारायचं नसतं. विचारणारे असतात, नाही असं नाही. मला एका साहेबांनी दटावून सांगितलं होतं की ‘जरा काढून घ्या त्याच्याकडून’. कोचने नकार दिला, आणि पुढची दोन कामं मी त्यालाच दिली.

पण हे वकील-अशिलाच्या गोपनीयतेइतकं कायद्याने पक्कं नाही. करारात लिहिलेलं असतं तेवढंच. तेव्हा पैसे कोण देतंय आणि कोणाला काय कळवायचं, हे पहिल्या सेशनआधी लेखी मागा. जिवाला धोका किंवा बेकायदा काही समोर आलं तर कोच गप्प राहणार नाही, हेही त्यात असतं आणि असायला हवं.

बाकी गोपनीयतेचा सगळ्यात मोठा भंग मी पाहिला तो भूमकर चौकात. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कॅबमधून, हेडफोन न लावता, एक जण आपल्या डायरेक्टरचा उद्धार करत ऑनलाइन सेशन उरकत होता. शेजारी मी होतो, पुढे ड्रायव्हर. एचआरला वेगळं कळवायची गरजच नव्हती.

‘यूट्यूबवर फुकट आहे, पूर्वी काका-मामा सांगायचे’

माहिती फुकट आहेच, घ्यावी. काकांचा सल्लाही घ्यावा, फक्त काकांना तुमचं लग्न, फ्लॅटचा हप्ता आणि नात्यातली अब्रू हे सगळं त्या सल्ल्यात बसवायचं असतं. सरकारी नोकरी सोडू नको म्हणणाऱ्या काकांचा हेतू वाईट नसतो. पण तुम्ही काय करणार म्हणाला होतात आणि केलंत का, हे पंधरा दिवसांनी यूट्यूबही विचारत नाही.

‘डिग्री लागत नाही, कोणीही पाटी लावतो’

अगदी बरोबर. मेसेजमधला हा एकच मुद्दा जसाच्या तसा खरा आहे. भारतात कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. लेऑफनंतर तीन महिन्यांत ‘लाइफ अँड लीडरशिप कोच’ झालेले बाणेर-बालेवाडीत तुम्हालाही माहीत असतील.

म्हणून निदान एवढं तपासा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था तीन दर्जे देते. एसीसीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, पीसीसीसाठी १२५ आणि ५००, एमसीसीसाठी २०० आणि २,५००. हे सरकारी प्रमाणपत्र नव्हे, आणि एसीसीचे साठ तास म्हणजे काही तपश्चर्या नव्हे. पण नाव त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतं. शिवाय तुमच्यासारख्या अडचणीतल्या कोणाबरोबर काम केलंय, तिथे कुठे जमलं नाही, हे विचारा. ‘आजवर एकही क्लायंट असमाधानी नाही’ हे उत्तर आलं की मी फाइल बंद करायचो.

एक सीमारेषा मात्र गंभीरपणे पाळायची. झोप उडालेली, सकाळी उठवत नाही, रडू आवरत नाही, जगू नये असं वाटतं, हे कोचचं काम नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती पाहून जा किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे. अशा माणसाला ‘माइंडसेट बदला’ म्हणत सेशन विकणारा कोच धोकादायकच.

‘पगारवाढीची लेखी हमी देईल त्यालाच पैसे द्या’

आणि इथे मेसेज लोकांना नेमकं खड्ड्यात ढकलतो. पगार तुमचा बॉस, बजेट, बाजार आणि तुम्ही मिळून ठरवता. कोचच्या हातात यातलं काही नाही. जो त्याची हमी देतो तो एकतर थाप मारतोय किंवा बारीक अक्षरात पळवाट ठेवतोय. वर्षभराचं पॅकेज आगाऊ भरा, ‘आजच नाव नोंदवा, फक्त शेवटच्या पाच जागा’ अशी घाई करणारे हेच.

मग अपेक्षा काय ठेवायची? २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ अभ्यास एकत्र करून पाहिले. कामगिरी, कामाबद्दलची वृत्ती, ताण पेलणं आणि ठरवलेल्या गोष्टीमागे लागून राहणं, या सगळ्यांवर कोचिंगचा चांगला परिणाम दिसला. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी १७ अभ्यास तपासले आणि त्यांनाही परिणाम दिसला. त्यांना दोन गोष्टी अशा सापडल्या ज्या विकणारे सहसा सांगत नाहीत. सेशन जास्त म्हणजे फायदा जास्त, असं आढळलं नाही. आणि बाहेरून आणलेल्या कोचपेक्षा कंपनीतल्या कोचचा परिणाम जास्त दिसला. अभ्यास थोडे आहेत, त्यामुळे यावरून फार उड्या मारू नयेत. पण वर्षाचं पॅकेज न घ्यायला एवढं पुरे.

तेव्हा खिशातून भरणार असाल तर आधी कोचची ओळख करून घ्यायला एक कॉल करा. बहुतेक जण तो फुकट देतात. मग तीनच सेशनचे पैसे द्या. कोचची जीएसटी नोंदणी असेल तर वर १८ टक्के धरा आणि बिल घ्या. रद्द केलं तर किती पैसे परत, हे ईमेलवर मागा. पैसे देऊन घेतलेल्या सेवेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो, पण जिल्हा ग्राहक आयोगात तोंडी हमी दाखवता येत नाही. तिसऱ्या सेशनला जाण्याआधी कागदावर लिहा की पहिल्या सेशननंतर कामावर नक्की काय वेगळं केलं. कागद कोरा राहिला तर तो तसाच कोचसमोर ठेवा. चांगला कोच तिथून कामाला लागेल, नाहीतर स्वतःच म्हणेल की आपलं जमत नाही, दुसऱ्याचं नाव देतो. चौथ्या सेशनची लिंक पाठवणाऱ्याला नमस्कार करा.