गणपतीला एक दिवस आधी या

कोकणात गणपतीला जाणाऱ्या सगळ्या चाकरमान्यांना कळकळीची विनंती आहे. चतुर्थीच्या पहाटे पोहोचेल अशा गाडीचं तिकीट काढू नका. आदल्या दिवशी सकाळीच घरात पाय टाका, पोरांना सोबत घेऊन. त्या दिवशी माटवी बांधतात आणि आमच्या सिंधुदुर्गात खरा सण तिथूनच सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे.

माटवी म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. गोव्यातले लोक माटोळी म्हणतात. भाद्रपदात परड्यात आणि रानात जे जे पिकतं ते तिला बांधायचं. नारळाची पेंड म्हणजे अख्खा घोस, सुपारीचा घड, काकडी, चिबूड, आंब्याचे टाळे म्हणजे डहाळ्या, हे घरचं झालं. पण लालभडक कवंडळं, कांगल्यांचे घोस, शेरवडाची पांढरी पानं यासाठी रानातच जावं लागतं. आमच्याकडे काका पुढे आणि सगळी पोरं मागे. कवंडळाचा वेल झाडावर चढलेला दिसला की कुणीतरी तो खेचायला धावतंच. काका तिथूनच ओरडतात, "येल ओढू नको रे! फळां तेवढी काढ." वेल मुळासकट आला तर पुढच्या गणपतीला कवंडळ आणणार कुठून? कळलावीचं फूल कितीही देखणं असलं तरी तिचा कंद विषारी, हेही पोरांना तिथेच कळतं. शाळेत हे कोण शिकवणार?

मग बांधणं. केवणी या रानझुडपाच्या सालीचा दोर, एकजण स्टुलावर, बाकीचे हातात सामान घेऊन खाली उभे. एका कोपऱ्यात पेंड बांधली की समोरच्या कोपऱ्यात तेवढंच वजन लागतं, नाहीतर चौकट कलते. हे एकट्याचं कामच नाही. जमिनीच्या हिश्शावरून वर्षभर अबोला धरलेले चुलतभाऊसुद्धा "जरा दोर सोड" म्हणण्यापुरते बोलतात. मी हे पाहिलंय, आणि म्हणूनच एवढं पोटतिडकीने लिहितोय.

दुसरीकडे घरातल्या बायका हरतालिकेचा उपास धरून उद्याच्या मोदकांचे नारळ खवत असतात. आपण दुसऱ्या दिवशी आयते आरतीला उभं राहायचं, हे मला पटत नाही. एक खवणी पुरुषांनीही हातात घ्यावी.

ज्यांना रानात जाणं जमत नाही, त्यांनी बाजारात माटवीचं सामान घेऊन बसलेल्या बायकांकडून घ्यावं. चिखल तुडवत त्यांनी ते गोळा केलेलं असतं, तिथे घासाघीस करू नये. प्लास्टिकची फळं मात्र नकोत. चौकट भरलेली दिसते, पण तिच्यासाठी घरातला एकही माणूस एकत्र आलेला नसतो.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणून पुढच्या वर्षीची रजा टाकताना चतुर्थीपासून नको, दोन दिवस आधीपासून टाका. मुलांच्या शाळेलाही आत्ताच सांगून ठेवा.