फ्रीजरमधे शिकंजी ठेवा, हार्ड डिस्क नको

गेले आठ दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. "हार्ड डिस्क बंद पडली? लॅबवाले लुटतात! पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमधे ठेवा, नाही चालली तर त्याच मॉडेलचं सर्किट लावा, मग चेकडिस्क मारा, फ्री सॉफ्टवेअरने १०० टक्के डेटा परत." आणि आमच्या रामबागेतल्या मावशीने तो वाचून डिस्क खरंच फ्रीजरमधे ठेवली, मटारच्या पिशवीशेजारी, म्हणून हे लिहायला बसलो.

फ्रीजरचं आधी. ही पूर्ण थाप नाहीये बरं का. जुन्या डिस्कमधे बंद केल्यावर हेड (डेटा वाचणारं-लिहिणारं टोक) डेटाच्या तबकडीवरच टेकायचं, कधी चिकटून बसायचं आणि मोटर फिरायचीच नाही, गार केल्यावर भाग जरासे आकसले की एखादवेळी सुटायचं. आताच्या बहुतेक डिस्कमधे हेड तबकडीच्या बाजूला रॅम्पवर, म्हणजे छोट्या उतारावर, जाऊन बसतं, मग सोडवणार काय, कपाळ? शिवाय साधी डिस्क हवाबंद नसते, तिला बारीक भोक असतं, शेजारी 'हे झाकू नका' असं बऱ्याचदा छापलेलंही असतं. आता पावसाळ्यात इंदूरच्या दमट हवेत ती गारठलेली डिस्क बाहेर काढा, थंड बाटलीला सुटतो तसा घाम तिलाही सुटतो, आतूनसुद्धा, आणि चालू असताना हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, म्हणजे आपला केसही त्यापुढे हजारो पट जाड. तिथे पाण्याचा कण आला आणि तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेतेय, विचार करा.

सर्किटचं, म्हणजे डिस्कला लावलेल्या बोर्डाचं सांगायचं तर इथल्या सिल्व्हर मॉलमधे अर्धा दिवस फिरून सेम मॉडेलचा बोर्ड मिळेलही, पण त्यावरच्या चिपमधे त्या एकाच डिस्कचं कॅलिब्रेशन, म्हणजे तिच्यापुरती खास जुळणी असते, जुन्या बोर्डावरची माहिती नव्यावर नेल्याशिवाय बहुतेक वेळा काही होत नाही. आणि कट-कट आवाज येत असेल तर बिघाड बहुधा आतल्या हेडचा, बोर्डाचा नाही.

चेकडिस्कवर, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांडवर, मी जास्त बोलणार कारण ही चूक माझी स्वतःची आहे. मरायला टेकलेली डिस्क, फोल्डर उघडेनात, मी मोठ्या शहाणपणाने चेकडिस्क मारली आणि जेवायला गेलो. आलो तर फोल्डर गायब, फाउंड झिरो-झिरो-झिरो नावाचं काहीतरी आणि आत सीएचकेवाल्या शेकडो फायली. चेकडिस्क तुमचा डेटा वाचवायला नाहीचे मुळात, ती फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदींचा हिशोब जुळवते आणि त्यासाठी त्याच डिस्कवर लिहिते. आधी डिस्कची कॉपी काढायची, लिनक्सवर त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, ते चांगला भाग आधी उचलतं आणि अडलेला शेवटी, मग काय प्रयोग करायचे ते कॉपीवर करा.

फ्री सॉफ्टवेअरचं अर्धं खरं. डिस्क धडधाकट असेल आणि चुकून डिलीट किंवा क्विक फॉर्मॅट झालं असेल तर फोटोरेक नावाच्या फ्री सॉफ्टवेअरने मीसुद्धा फोटो काढलेत, नावं मात्र जातात, हजार फोटो नंबरांनी येतात. पण विंडोज व्हिस्टापासून पुढे फुल फॉर्मॅट पूर्ण डिस्कवर शून्य लिहितं, आणि एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपवाल्या ड्राइव्हमधे, ट्रिम (डिलीट झालेली जागा साफ करायची सोय) चालू असलं तर डिलीट केलेलं बहुतेक वेळा थोड्याच वेळात जातं. म्हणजे १०० टक्के वगैरे सोडा. आणि सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करून हवा तोच डेटा पुसणाऱ्यांना तर दंडवत.

डेटा काढून देणारे लॅबवाले लुटतात? काही लुटतातही, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा, डेटा नाही मिळाला तर पैसे किती ते आधी कबूल करून घ्या. पण आत हेड बदलायचं तर धूळमुक्त जागा लागते, डायनिंग टेबल नाही.

मावशीची डिस्क सध्या माझ्या कपाटात बंद पडून आहे, तिच्यात मुन्नाच्या मुंजीचे फोटो आहेत. ती रोज फोन करते, "एकदा लावून तर बघ रे, कदाचित चालेल." केबल मी ऑफिसात नेऊन ठेवलीये.