गिधाडं गेली तर आपलं काय गेलं?

काल कट्ट्यावर पक्याने परत तेच काढलं, की इथं माणसाला टँकरचं पाणी धड मिळेना आणि सरकार गिधाडांच्या पैदाशीला केंद्रं काढतंय, डायनासोर गेले तेव्हा कुणाचं काय अडलं? म्हणलं डायनासोर आपण नाही घालवले रे, गिधाडं आपणच घालवली.

सुध्याकडं गाई आहेत, त्याला लहानपणचं आठवतंय, मेलेलं ढोर माळावर ओढून टाकलं की गिधाडं उतरायची आणि बघता बघता नुसती हाडं उरायची. मग डायक्लोफिनॅक आलं. ताप-दुखण्यावरचं स्वस्त इंजेक्शन, जनावराला आराम पडायचा, पण तेच जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या फेल. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये ९९ टक्क्यांहून जास्त संपली. "बरं मग?" इति पक्या. मग काय, मढी तशीच सडायला लागली, त्यावर कुत्री पोसली, कुत्र्यांमागनं रेबीज. २०२४ ला दोन अर्थतज्ज्ञांचा पेपर आला, त्यांच्या अंदाजाने २००० ते २००५ मध्ये गिधाडं नसल्यामुळं जवळपास ५ लाख माणसं जास्तीची गेली. माणसं, पक्या! ज्यांच्या पाण्याची तुला काळजी आहे तीच.

त्यावर त्याने खरा प्रश्न टाकला, गिधाड उपयोगाचं, मान्य, पण तो माळरानावरचा माळढोक पक्षी, तोही संपत आलाय, तो काय करतो, कशाला वाचवायचा? प्रश्न रास्त आहे. पण १९८५ ला गिधाडाचं विचारलं असतंस तर लोक हेच म्हणले असते, घाणेरडा, अपशकुनी पक्षी, काय करायचाय. उपयोग कळला तो गेल्यावर, आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं, म्हणून २००६ ला जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद होऊनही अजून संख्या सावरलेली नाही. आणि समजा माळढोकाचा आपल्याला शून्य उपयोग असला, तरी त्याचा वंश बुडवायचा हक्क आपल्याला दिला कुणी?

सुध्याला या वादात रस नव्हता, त्याचं एकच, उद्या गाईला ताप आला तर देऊ काय? मेलॉक्सिकॅम, त्याने गिधाडं मरत नाहीत. २०२३ ला केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक ही गिधाडांना तशीच घातक औषधंही जनावरांसाठी बंद झाली, हेही त्याला सांगितलं. म्हणला डॉक्टर काय टोचतो ते कधी विचारलंच नाही, आता विचारतो. पक्या मात्र माळढोकावर अजून अडून बसलाय.