पत्रिका काय वाचायला असते?

घरात लग्न ठरलंय? मग हॉल, केटरर मागाहून बघा, आधी फॉन्ट ठरवा. अक्षर असं हवं की पाहुण्यानं पत्रिका आधी उभी धरावी, मग आडवी, मग चष्मा पुसावा आणि शेवटी "मस्त आहे बुवा" म्हणून फ्रिजवर ठेवून द्यावी.

वेलांट्यांना शेपट्या हव्यातच. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर शिरोरेषा जिथं तुटते, ती फट वेटोळ्यांनी बुजवून टाका. आमच्या पुतण्याच्या पत्रिकेत अशानं नागपुरातल्या धरमपेठेची घरमपेठ झाली आणि स्नेहभोजनाचं स्नेहमोजन. मुहूर्त होता ११.१९ चा. पण प्रत्येक १ च्या डोक्याला असा काही पीळ दिला होता की मामांना तो ९९ वाजून ९९ मिनिटांचा दिसला. भरपूर वेळ आहे म्हणून ते निवांत निघाले, पोचले तेव्हा पंगत उठत होती.

इंग्रजी नावांसाठी ब्रश स्क्रिप्ट घ्या. रॉबर्ट स्मिथ यांनी तो १९४२ साली छपाईचे खिळे ओतणाऱ्या अमेरिकन टाइप फाउंडर्स कंपनीसाठी काढला. त्यातली लहान अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात. कॅपिटल फक्त शब्दाच्या तोंडाशी शोभतं. म्हणून तुम्ही अख्खं नाव कॅपिटलात टाका. वरातीत सगळ्यांनीच फेटे बांधले की नवरदेव शोधायची मजा काही वेगळीच!

कोणी शहाणा म्हणेल, आपली मोडीही वळणदारच होती की. होती. पण ती हात न उचलता झरझर लिहिता यावी म्हणून, कारकुनाचा वेळ वाचावा म्हणून. नागपूरकर भोसल्यांच्या काळचे मोडी कागद वाचायला आज जाणकार शोधावा लागतो. तुमची पत्रिका पहिल्याच दिवशी त्या पंक्तीत जाऊन बसेल, तीही मरून रंगाच्या मखमलीवर, गोल्ड फॉइलमध्ये.

प्रूफ तपासायच्या भानगडीत पडू नका. सहज वाचता आलं तर फॉन्ट चुकला समजा. मी इतवारीतल्या कार्डवाल्याकडं तक्रार घेऊन गेलो होतो, तर तो म्हणाला, "कार्ड पाहाचं असते भाऊ, वाचाचं काय आहे त्याच्यात? लोकेशन तं व्हॉट्सॲपवर टाकूनच राह्यले सारे." यावर मला उत्तर सुचलं नाही. हजार पत्रिकांचे पैसे मोजून आलो.

एका ओळीसाठी मात्र हा फॉन्ट खरोखर जपून ठेवा. पुतण्याच्या पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं इतक्या लपेटदार अक्षरात छापलं होतं, की ते एकालाही वाचता आलं नाही. वहिनींनी दोन दिवस पाकिटं मोजली.