डोळ्याच्या फोटोतून आधार चोरीला जात नाही, मावशे

डिचोलीच्या आमच्या मावशीला मधुमेह आहे. शिबिरात डोळे तपासायचे ठरले होते आणि आदल्या रात्री घरच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘डोळ्याचा फोटो काढू देऊ नका, आधार चोरून खाते रिकामे करतात. सगळ्या इस्पितळांत एकच फॉरमॅट आणतायत तो डेटा विकायला. आभा हा सरकारी आरोग्य क्रमांक सक्तीचा, विमा कंपनीला सगळे कळते.’ मावशी गेलीच नाही.

आधारसाठी घेतात ती बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्याची, म्हणजे आयरिसची नक्षी. तीही इन्फ्रारेड प्रकाशात. शिबिरातला फंडस कॅमेरा बघतो डोळ्याच्या आत, मागच्या पडद्याकडे. थेंब घालून बाहुली मोठी करतात ती त्यासाठीच. तो फोटो एकदा मागून बघा: नारिंगी गोल, एका बाजूला पिवळट चकती, तिच्यातून फुटलेल्या रक्तवाहिन्या. यात आयरिस शोधून दाखवा! मधुमेहाने हा पडदा बिघडायला लागतो तेव्हा दुखत नाही, बहुतेकदा दिसायलाही कमी येत नाही. तपासल्याशिवाय कळणार कसे? आधारवरून पैसे गेल्याचे प्रकार घडलेत, पण ते बोटांचे ठसे वापरून. धाकधूक असेल तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, फुकट होते.

एकच फॉरमॅट म्हणजे डायकॉम, तपासणीचे फोटो साठवायची सगळीकडे चालणारी ठरलेली पद्धत. तो नसला की म्हापशाच्या मशीनवरचा फोटो बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नीट उघडेलच असे नाही, आणि मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघणे तर राहूनच जाते. त्यात नाव, जन्मतारीख ठरलेल्या खणांत असते, म्हणून काढूनही टाकता येते. आभा ऐच्छिक आहे, नोंदी संमतीनेच दाखवल्या जातात. न वाचता ‘हो’ दाबू नका म्हणजे झाले.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. फोटोतून पुष्कळ कळते. 2018 मध्ये गूगलच्या संशोधकांनी अशाच फोटोंवरून माणसाचे वय सरासरी तीन-सव्वातीन वर्षांच्या फरकाने ओळखले, बाई की पुरुष हेही. डोळ्याच्या डॉक्टरांना ते बघून इतके नेमके सांगता येत नाही. त्यामुळे ‘नाव पुसले, आता काळजी नाही’ म्हणणाऱ्या इस्पितळावरही माझा भरवसा नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मागताना माहिती कशासाठी ते सांगायची अट आहे. तेव्हा विचारा: फोटो कुठे ठेवता, किती दिवस, कुणाला दाखवता?

आणि रिपोर्ट कंपाउंडरच्या खासगी व्हॉट्सॲपवरून येतात, कोपऱ्यात नाव-वय छापलेले, त्याचे काय? मेसेजात त्यावर चकार शब्द नाही. कसा असेल? ज्याने तो पाठवला, त्यानेच गणपतीत स्वतःचा रिपोर्ट ग्रुपवर टाकून ‘कोणी डॉक्टर आहे का’ विचारले होते.